चेक बाउन्सचा खटला आणि लॉकडाऊनमधली मुदत : माझा अनुभव

चेक बाउन्सच्या कायद्यात सगळा खेळ तारखांचा असतो. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरायचा. परत आला की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत समोरच्याला लेखी नोटीस. नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस. तेही उलटले की महिन्याभरात फौजदारी कोर्टात फिर्याद. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टची कलमं १३८ आणि १४२. कोर्टाच्या आवारात सगळे नुसतं ‘वन थर्टी एट’ म्हणतात. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीला उशीर झाला तर तशी सोय कायद्यात नाही. माझे ३० दिवस ३ एप्रिल २०२० ला संपत होते, आणि देश २५ मार्चपासून बंद.

मी पुठ्ठ्याचे खोके बनवून पुरवतो. पैसे अडकले होते ते एका जुन्या गिऱ्हाइकाकडे. त्यांना इथे शेठ म्हणतो. चेक दोन होते. पहिला फेब्रुवारीचा, तो ‘फंड्स इनसफिशियंट’ असा शेरा घेऊन ४ मार्चला परत आला. दुसऱ्यावर २० मार्चची तारीख होती आणि त्याच्याबद्दल शेठचा फोन आला होता, “भाऊ, तेवढा सध्या टाकू नका. बाजार उघडू द्या, तुमचा पैसा कुठे जात नाही.” त्यात काही डाव होता असं मला आजही वाटत नाही. त्यांचाही माल गोदामात पडून होता आणि त्यांची येणी आणखी कुणाकडे तरी अडकली होती.

पहिल्या चेकच्या नोटिशीचा मसुदा वकील मॅडमच्या लॅपटॉपवर तयार होता. ती जायची होती रजिस्टर्ड एडीने. पण आमचा भाग सील झालेला, घरातून पाऊल बाहेर टाकायची सोय नाही. त्यातच बातमी वाचली की सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चला स्वतःहून दखल घेऊन सगळ्या मुदती १५ मार्चपासून पुढचा आदेश होईपर्यंत वाढवल्या आहेत. मी सुटकेचा श्वास सोडून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “काका, आदेश नीट वाचा. अर्ज, दावे, अपिलं आणि इतर कामकाज असं लिहिलंय. नोटीस आपण कोर्टात दाखल करतच नाही, ती वकील पाठवतो. उद्या समोरच्याने म्हटलं की नोटिशीला ही सवलत नाही, तर काय सांगायचं?”

त्यांनी वाट पाहिली नाही. मुदतीच्या आत नोटिशीची पीडीएफ शेठच्या ई-मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. दोन निळ्या टिका उमटल्या, त्याचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट काढून ठेवला. मे महिन्यात जरा मोकळीक मिळाल्यावर तीच नोटीस रजिस्टरने गेली. मधल्या काळात ६ मे रोजी न्यायालयाने स्पष्ट केलं की लवाद कायद्याखालच्या आणि कलम १३८ खालच्या मुदतीसुद्धा वाढवल्या आहेत. मॅडमची शंका अगदीच हवेतली नव्हती, एवढं त्यावरून कळलं.

आता दुसरा चेक. मुदती वाढल्या हे एकदा डोक्यात बसल्यावर मी निवांत होतो. शेठना शब्द दिला होता, नातं जुनं होतं, आणि कोर्ट तर बंदच. जूनच्या सुरुवातीला मॅडमचा फोन आला, “तो चेक भरलात का?” मी म्हटलं, मुदत वाढलीय ना? त्यावर त्या म्हणाल्या, “मुदत कोर्टाची थांबलीय. बँकेची नाही.” चेकचे तीन महिने संसदेच्या कायद्याने आलेले नाहीत, रिझर्व्ह बँकेने ठरवलेले आहेत. ते उलटले की चेक म्हणजे नुसता कागद, बाउन्स व्हायलासुद्धा तो लायक राहत नाही. शेठना फोन करून सांगितलं की भरतोय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग “ठीक आहे” म्हणाले. चेक भरला. अपेक्षेप्रमाणे परत आला.

पुढे १० जुलैच्या आदेशात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयासमोर निघाला. चेकची वैधता वाढवून द्या, अशी मागणी होती. न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला: हा कालावधी रिझर्व्ह बँकेचा, बदलायचा तर तिने बदलावा. ओळखीतल्या एका व्यापाऱ्याकडे असे चार-पाच चेक जपून ठेवलेले होते. त्याला दिवाणी दाव्याचा रस्ता उरला होता, पण वन थर्टी एट गेलं.

त्या उन्हाळ्यात मी बराच वेळ हेच वाचत बसायचो, कुठलं घड्याळ थांबलंय आणि कुठलं चालू आहे. त्यातलं एक प्रकरण माझ्या पैशांपेक्षा फार मोठं होतं. अटकेतल्या माणसाविरुद्ध पोलिसांनी ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केलं नाही, तर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. लॉकडाऊनमध्ये युक्तिवाद झाला की मुदती वाढल्या, म्हणजे पोलिसांचीही वाढली. मद्रास उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने तो मान्यही केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९ जून २०२० ला एस. कासी प्रकरणात तो मोडीत काढला: पक्षकाराला कोर्टापर्यंत पोचता येत नाही म्हणून दिलेली सवलत माणसाला जास्त दिवस आत ठेवायला वापरता येणार नाही. माझा चेक काय, आज ना उद्या. पण तुरुंगात कच्च्या कैदेत बसलेल्यांचा प्रत्येक दिवस मोजला जात होता, आणि तुरुंगांतली गर्दी कमी करण्यासाठी उच्चाधिकार समित्या नेमा, असा आदेशही त्याच २३ मार्चचा होता.

फिर्याद दाखल करायला खरं तर घाई नव्हती. मॅडमनी तरी केली. “सगळे शेवटच्या दिवसाची वाट बघणार आणि मग एकदम रांग लागणार,” असं त्यांचं म्हणणं. कोर्टात तेव्हा तातडीचंच काम चालायचं: रिमांड, जामीन, मनाई. चेक बाउन्स तातडीत बसत नाही. कागद स्वीकारण्यासाठी दाराजवळ एक पेटी ठेवली होती. लिफाफ्यावर नाव, मोबाईल नंबर आणि कलम लिहायचं, आत टाकायचं आणि निघायचं. लिफाफे एक दिवस तसेच पडू द्यायचे, मग हातमोजे घातलेला कारकून ते उघडायचा. माझ्या लिफाफ्यात दोन फिर्यादी, मूळ चेकच्या प्रती, बँकेचे मेमो, नोटिशी, पोचपावत्या आणि तो स्क्रीनशॉट. मूळ चेक मॅडमनी पेटीत टाकू दिले नाहीत. पडताळणीच्या वेळी समक्ष दाखवू म्हणाल्या. त्या काळात कुणाच्या भरवशावर मूळ कागद सोडायचा नाही, हा त्यांचा नियम मला पटला.

नंबर पडला, १६ अक्षर-अंकांचा सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, मिळाला, आणि मग ई-कोर्ट्सचं अ‍ॅप हेच माझं कोर्ट झालं. एरवी तारखेला जावं लागतं, बाहेर ताटकळावं लागतं, पुकारा होतो, निदान आपण पुढे सरकतोय असं वाटतं. आता सकाळी अ‍ॅप उघडायचं तर पुढची तारीख आपोआप पडलेली. कुणी बोलावलं नाही, कुणी ऐकलं नाही. टप्प्याच्या जागी ‘अवेटिंग समन्स’ हे दोन शब्द इतके महिने होते की माझ्या मुलीला ते पाठ झाले.

समन्स बजावणं ही तर मोठी गंमत. पोलीस बंदोबस्तात आणि कंटेनमेंट झोनच्या कठड्यांवर; समन्स घेऊन कोण फिरणार? एकदा गेलं ते ‘दुकान बंद, इसम मिळून आला नाही’ असा शेरा घेऊन परत. दुकान बंद नसणार तर काय, सरकारनेच बंद केलं होतं. १० जुलैच्या त्याच आदेशात नोटिसा आणि समन्स ई-मेलबरोबर व्हॉट्सअ‍ॅप वगैरेवरूनही बजावायला परवानगी मिळाली होती. मॅडमनी तसा अर्ज दिला. तोवर शेठनी निळ्या टिका बंद करून टाकल्या होत्या.

व्हिडिओवरची सुनावणी मला एकदाच लाभली. लिंक सकाळी आली, मी वेटिंग रूममध्ये तासन्‌तास माझाच चेहरा बघत बसलो. आत गेल्यावर न्यायाधीशांचा आवाज येत होता, चित्र अडकलं होतं. कुणाच्या तरी घरचा कुकर शिट्ट्या देत होता. मॅडम पांढऱ्या कपड्यांत आणि गळ्याला बँड, काळा कोट नाही. कोट आणि गाऊनला सूट होती. “समन्स बजावलं का?” “नाही.” “फेरसमन्स.” संपलं. एवढ्यासाठी एरवी माझा अख्खा दिवस गेला असता, तेव्हा ही सोय कायम राहावी असं मी म्हणेन. पण ज्यांच्याकडे नेट धड चालत नाही, त्यांनी काय करायचं, हा प्रश्न होताच. शिवाय ६ एप्रिल २०२० च्या आदेशानुसार दोन्ही बाजूंच्या संमतीशिवाय साक्षीपुरावा व्हिडिओवर नोंदवायचा नव्हता. त्यामुळे जामिनाचे अर्ज सरकत राहिले आणि उलटतपासावर आलेले खटले जागच्या जागी राहिले.

मॅडमच्या हाताखालचा एक ज्युनियर त्या वर्षी गावी गेला तो परत आलाच नाही. त्याची कमाई अर्ज, तारखा, झेरॉक्स यांच्यावर चालायची. वकिलाला दुसरा धंदा करायची मुभा नाही, आणि हा धंदा बंद. त्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

२०२१ उजाडलं तसं सगळं पूर्वपदावर येईल असं वाटलं. ८ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने मुदतवाढ १४ मार्चला संपवली. १६ एप्रिलला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने चेक बाउन्सचे खटले लवकर निकाली निघावेत म्हणून निर्देश दिले. २०१९ अखेर देशभर प्रलंबित २.३१ कोटी फौजदारी खटल्यांपैकी ३५.१६ लाख या एका कलमाखालचे होते, हे त्याच निकालात आहे. तेही साथीच्या आधीचं. माझ्या कामाचा त्यातला निर्देश असा की एकाच व्यवहारातल्या अनेक फिर्यादींपैकी एकीत समन्स बजावलं, की त्याच कोर्टातल्या बाकीच्यांतही ते बजावल्याचं धरायचं. म्हणजे माझ्या दोन फिर्यादींसाठी शेठना दोनदा गाठायची गरज उरली नाही. पण तोवर दुसरी लाट आली होती. २७ एप्रिलला मुदतवाढ पुन्हा लागू झाली आणि कोर्टाच्या दारावर पुन्हा तोच कागद चिकटला. शेवटी १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने हिशेब मिटला: १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीतून वगळला, आणि ज्यांची मुदत या काळात संपत होती त्यांना १ मार्च २०२२ पासून ९० दिवस, किंवा शिल्लक मुदत त्याहून जास्त असेल तर ती. आजही कुणाच्या जुन्या कागदांत त्या काळातली तारीख असेल, तर दावा बुडाला असं धरण्याआधी ही वजाबाकी करून बघा.

शेठ २०२२ मध्ये हजर झाले. तोंडावर मास्क, अंगाने निम्मे. गुन्हा कबूल नाही म्हणाले, तसं मॅडमनी कलम १४३अ खाली अंतरिम नुकसानभरपाईचा अर्ज दिला. त्यात चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत आधीच भरायला लावता येतं. व्हरांड्यात शेठनी मला बाजूला घेतलं. त्यांचे थोरले बंधू दुसऱ्या लाटेत गेले होते, दुकानाचा हिशेब तेच बघायचे. मला हे ठाऊक नव्हतं. आम्ही इतके महिने फक्त वकिलांमार्फत बोललो होतो.

त्यानंतरच्या लोकअदालतीत तडजोड झाली. दोन्ही चेकची मुद्दल, व्याज नाही, हप्त्यांत. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, आणि हप्ता चुकला तर दिवाणी कोर्टातल्या हुकूमनाम्यासारखी त्याची दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावता येते, हे मॅडमनी मला सही करण्याआधी दोनदा सांगितलं. हप्त्यांसाठी शेठनी खिशातून चेकबुक काढलं तेव्हा पॅनेलवरचे निवृत्त न्यायाधीशसुद्धा हसले. अटीत लिहिलं, रक्कम थेट खात्यात. शेवटचा हप्ता थोडा उशिरा आला, दरखास्तीची वेळ आली नाही. शेठ आता पुन्हा माझ्याकडूनच खोके घेतात, माल उतरला की पैसे तिथल्या तिथे.