डाव्या काठावरून उजव्या काठाला

तुकोबारायांची पालखी सराटीचा मुक्काम हलवते ती आधी नीरेवर जाते. पादुकांना स्नान होतं आणि पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपून सोलापूर जिल्हा लागतो. पाऊस ओढ देतो त्या वर्षी पात्र कोरडं असतं, मग टँकर मागवावा लागतो. यंदा पाणी होतं, चांगलं गढूळ. दिंडीतली मंडळी काठावर उतरून डोक्यावर ओंजळी घेत होती. माझ्या डोक्यात मात्र जिजीचं बोलणं घोळत होतं. आमचं घराणंही ही नदी अशीच ओलांडून गेलं होतं, डाव्या काठावरून उजव्या काठाला. टाळ-मृदंग नव्हते एवढंच. बैलगाडीत पेंडीची पोती होती आणि गुळाची काहील.

आम्ही मूळचे सासवडचे माळी. 1885च्या सुमाराला नीरेचा डावा कालवा बारामतीच्या बाजूला आला आणि पुरंदरातली कितीतरी कुटुंबं त्या पाण्यामागं घर सोडून निघाली. जमीन खंडानं घ्यायची, पुंड्या ऊस लावायचा, गुऱ्हाळ घालायचं. पाण्याचा निचरा झाला नाही, जमीन खारवली, की बिऱ्हाड पुढं. मग 1928च्या सुमाराला भाटघरचं नवं धरण पुरं झालं, उजव्या कालव्याचं पाणी माळशिरस तालुक्यात येणार अशी खात्री पटली, आणि आमची माणसं नदीपलीकडं सरकली. तिथं काय होतं, तर जिजीच्या शब्दांत, ‘कुसळं, बाभळी आन् इच्चू.’

जिजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. ती इथंच, माळीनगरच्या बाजूला जन्मली, पाचटाच्या खोपीत. तिच्या पाठची दोन भावंडं हिवतापानं गेली. ते सांगतानाही तिचा आवाज चढायचा-उतरायचा नाही. “पाणी आलं की डास येनारच की,” म्हणायची आणि शेंगा फोडत राहायची. गुळाचे भाव पडले तेव्हा याच शेतकऱ्यांनी भाग गोळा करून 1932 साली सासवड माळी शुगर फॅक्टरी उभी केली. प्रवरेचा सहकारी कारखाना यायला अजून बरीच वर्षं होती. या सगळ्याचा आमच्या घरात फार अभिमान. लग्नकार्यात दोन म्हातारे एकत्र बसले की तिसरं वाक्य त्यावरच येतं. जिजी तेवढी त्यात पडायची नाही. तिला कारखान्याचा भोंगा माहीत. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर भाकरी न्यायची, रात्रीची पाण्याची पाळी आली की कंदील घेऊन चारीवर जायचं.

अकलूजला गोल रिंगण झालं. मुक्कामात पायाच्या फोडांना दोरा ओवून घेतला. सुई एका बीडकडच्या मावशींची, हातही त्यांचाच. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या शेजारून चालत होत्या, डोक्यावर तुळस. माळीनगर जवळ आलं तशी मी त्यांना जिजीची गोष्ट सांगायला लागलो.

पालखी उभ्या रिंगणासाठी माळीनगरला थांबते, म्हणजे जवळजवळ जिजीच्या दारातच. तरी ती पायी पंढरीला कधी गेली नाही. वारकरी आले की मोटर चालू ठेवायची, आंघोळी होऊ द्यायची, गूळ-शेंगा वाटायची. जेवणावळी घातल्या नाहीत. सोपानकाकांची पालखी सासवडहून निघून बारामतीवरून अकलूजकडं येते, तीत मात्र तिचा जीव. तिकडचं कुणी भेटलं की कऱ्हेला पाणी आलं का, अंजिरं कशी आहेत, हे विचारायची. जणू कालच तिथून आली आहे. सासवडात तिचा जन्मही झालेला नव्हता. वारीचा विषय काढला की सावतोबांचं नाव पुढं करायची. सावतोबा मळा सोडून गेले नाहीत, आजही पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते, मग मी कशाला जाऊ? वर, “आमच्या मान्सांनी चालायचं ते एकदाच चालून घेतलंय, सासवडपासनं हितवर.” ही पळवाट आहे असं मला वाटायचं. रात्रीच्या पाळीवर न गेलेल्या माणसाला असं वाटणं सोपं असतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “पाचटाची खोप व्हय? आमी कोपी म्हणतो. माझी थोरली तसल्याच कोपीत झाली, हितंच पल्याडच्या फडात.”

वीसेक पावलं मला काही बोलता आलं नाही. आमच्या घरच्या कहाण्यांत पाणी येतं, कालवा येतो, कारखाना येतो. ऊस कोण तोडायचं ते कधी येतच नाही. मावशी नवऱ्याबरोबर कोयता म्हणून, म्हणजे ऊस तोडणारी जोडी म्हणून, कितीतरी हंगाम याच रस्त्यानं आलेल्या. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घ्यायची, दसरा-दिवाळीला ट्रॅक्टरमध्ये बसायचं, हंगाम संपून पट्टा पडला की परतायचं. आषाढात तोच रस्ता पायी. “तवा दोन्ही बाजूला ऊस दिसतो, आत्ता मान्सं दिसत्यात,” म्हणाल्या.

रिंगणाला दिंड्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उभ्या राहिल्या. भालदार-चोपदारांनी वाट मोकळी केली, मधून दोन्ही अश्व धावले. लोक टापांखालची माती उचलून कपाळाला लावू लागले. मावशींनी आधी माझ्या कपाळाला लावली, मग स्वतःच्या. “तुमच्या जिजीची माती,” म्हणून हसल्या.

चुलत्यांच्या घरी चहा झाला. ते राहा म्हणत होते, पण दिंडी चुकवायची नव्हती. बोरगावच्या वाटेवर मावशी तोडणीचे दर सांगत होत्या, उचल कशी फिटत नाही ते सांगत होत्या. जिजी असती तर तिनं त्यांना बसवून घेतलं असतं, दोन भाकरी वाढल्या असत्या, आणि मग नक्की भांडण काढलं असतं. ऊस जमिनीलगत न तोडता बुडखं उंच ठेवणाऱ्यांना ती सोडत नसे. साखर सगळी बुडख्यात असते, हे तिनं फडात उभं राहून कितीजणांना सुनावलं होतं. मावशींना हे सांगितलं, तर त्या तावानं म्हणाल्या, “वाकून वाकून कंबर कुणाची जाती, ते नाही सांगितलं व्हय तुमच्या जिजीनं?”