आभासी प्रोसेसरची मर्यादा: २५५ च्या पलीकडे

लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या माझ्या यंत्रात आठ कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे) आणि सोळा थ्रेड (प्रत्येक कोअरमागे दोन) आहेत. संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या केव्हीएम व क्यूएमूवर एका गेस्टला (अशा आभासी संगणकाला) किती व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) देता येतात, हे या टप्प्यात तपासले.

होस्टच्या (मूळ यंत्राच्या) थ्रेडसंख्येपेक्षा अधिक व्हीसीपीयू मागितले, तर क्यूएमू इशारा देते, पण अडवत नाही. कारण प्रत्येक व्हीसीपीयू हा होस्टच्या दृष्टीने एक सॉफ्टवेअर थ्रेडच (चालणारे एक काम) असतो आणि लिनक्सचा शेड्यूलर सर्वांना आळीपाळीने वेळ देतो. खरी अडचण २५५ ला येते. प्रोसेसरपर्यंत इंटरप्ट (लक्ष वेधणारे संकेत) पोहोचवण्याच्या जुन्या एक्सएपिक पद्धतीत प्रोसेसरचा ओळखक्रमांक आठ बिटांचा असतो आणि त्यातील एक मूल्य सर्वांना एकदम संदेश पाठवण्यासाठी राखलेले असते. नंतरच्या एक्स२एपिकमध्ये हा क्रमांक ३२ बिटांचा होतो. तरीही उपकरणांचे इंटरप्ट मोठ्या क्रमांकांपर्यंत पोहोचवण्यासाठी इंटरप्ट रिमॅपिंग (त्यांचा पत्ता बदलून देण्याची सोय) लागते. म्हणून क्यू३५ हा मशीन प्रकार (आभासी मदरबोर्डचा नमुना) निवडला, आभासी इंटेल आयओएमएमयू (उपकरणांचे मेमरी-व्यवहार व इंटरप्ट सांभाळणारा भाग) जोडून त्यात रिमॅपिंग व ईआयएम (मोठे क्रमांक स्वीकारण्याची सोय) चालू केले, आयआरक्यूचिप ‘स्प्लिट’ ठेवली (म्हणजे इंटरप्टचे काम केव्हीएम व क्यूएमूत विभागले), आणि २८८ व्हीसीपीयूंचा लिनक्स गेस्ट सुरू झाला. एका आकड्यामागे हार्डवेअरचा एवढा इतिहास दडलेला असतो, हे प्रत्यक्ष पाहण्याचा आनंद मोठा आहे.

कामासाठी मात्र ही रचना निरुपयोगी आहे. स्पिनलॉक (एका वेळी एकालाच मिळणारे कुलूप) धरून बसलेल्या व्हीसीपीयूलाच होस्टने बाजूला केले, की त्या लॉकची वाट पाहणारे इतर व्हीसीपीयू नुसतेच फिरत राहतात. गेस्टमध्ये टॉप ही आज्ञा चालवून ‘एसटी’ हा आकडा पाहिल्यास हिरावलेला वेळ लगेच दिसतो.

विंडोज गेस्टची मर्यादा वेगळीच असते. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट (प्रोसेसर बसवण्याच्या जागा) वापरते, आणि क्यूएमू ६.२ पूर्वीच्या मशीन प्रकारांत नुसती संख्या दिली, तर प्रत्येक व्हीसीपीयू स्वतंत्र सॉकेट म्हणून मांडला जात असे. त्यामुळे आठ देऊनही दोनच कामाला लागत. नव्या मशीन प्रकारांत कोअरना प्राधान्य मिळते. तरीही सॉकेट, कोअर आणि थ्रेड स्पष्ट लिहिणेच मला अधिक योग्य वाटते.

रोजच्या गेस्टला आता बारा व्हीसीपीयू दिले असून दोन कोअर होस्ट आणि एम्युलेटरच्या थ्रेडसाठी मोकळे ठेवले आहेत. यानंतर एलएससीपीयू या आज्ञेने थ्रेडच्या जोड्या पाहून प्रत्येक व्हीसीपीयू ठरावीक थ्रेडला बांधायचा आहे.