कंपनी-फिटिंग पिकअपसाठी ट्रेल निवडताना: माझा अनुभव

माझ्या पिकअपमध्ये बदल म्हणाल तर ऑल-टेरेन टायर, बस्स. बाकी सस्पेन्शन, बंपर, मागचे पाटे सगळं कंपनीतून आलं तसंच. पहिला ट्रेल, म्हणजे गाडीने जायची खडबडीत कच्ची वाट, निवडला तो 'मध्यम' असा शेरा वाचून. चढ आरामात निघाला. अडकलो ते माथ्यावर. पुढची चाकं पलीकडे उतरली आणि गाडी पोटावर बसली. जॅक लावून, चाकांखाली दगड रचून तिला मागे घेईपर्यंत दीड तास गेला. एका बाजूचं फुटस्टेप तिथेच वाकलं.

घरी आल्यावर टेप घेऊन गाडीखाली शिरलो. हे आधी करायला हवं होतं. पोटाची उंची २२० मिलिमीटर, मागच्या डिफरन्शियलचा (दोन चाकांना इंजिनची ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा त्याहून खाली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ३१००. यावरून ब्रेकओव्हर अँगल, म्हणजे पोट न टेकता गाडी किती टोकदार उंचवटा ओलांडेल ते सांगणारा कोन, निघाला जेमतेम १६ अंश. पोट तेवढंच उंच, पण व्हीलबेस २४५० असेल तर हाच कोन २० च्या वर जातो. 'मध्यम' म्हणणारा बहुधा तसली आखूड गाडी चालवत होता. मोठे टायर घाल, असंही सुचवलं गेलं. पण टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तर गाडी उचलते १ इंच. तेवढ्यासाठी कोण खर्च करणार!

तेव्हापासून चढ किती खडा आहे हे मी शेवटी विचारतो. आधी बघतो ते टोकदार उंचवटे, आणि ओढ्यातून बाहेर पडताना लागणारे उभे काठ, कारण तिथे पिकअपची लांब शेपटी घासते. तिसरी भीती आडव्यातिडव्या खड्ड्यांची. हौदा रिकामा असला की कडक पाटे फारसे दबत नाहीत, मागचं एक चाक हवेत लटकतं आणि लॉक नसलेलं (दोन्ही चाकं एकत्र बांधून न फिरवणारं) डिफरन्शियल नेमकं त्याच चाकाला गरगर फिरवत बसतं. त्यामानाने सरळ, मुरमाड चढ कितीही लांब असला तरी फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या संथ गिअरमध्ये) निवांत जमतो.

व्हिडिओत सगळे चढ सपाट दिसतात, म्हणून मी रस्त्यापेक्षा त्यातल्या गाडीचं पोट आणि चाकं बघतो. व्हिडिओ पाऊस पडून गेल्यावरचा आहे की कोरड्यातला, तेही. उपग्रहचित्रांत खड्ड्यांची खोली कळत नाही, पण गाडी वळवायला जागा कुठे आहे ते कळतं. जो उतार रिव्हर्समध्ये परत चढता येईल असं वाटत नाही, तो मी उतरत नाही. सोबतचे हसतात. हसू देत.

गाडीत आता एक काठी असते, २२० वर खूण केलेली. शंका आली की उतरायचं, पुढे चालत जायचं, दगडाशेजारी काठी धरायची. खुणेच्या वर गेलेला दगड दोन चाकांच्या मधे घ्यायचा नाही. त्यावर चाक चढवायचं किंवा त्याला टाळायचं. खुणेच्या जरा खालचा असला तरी डिफरन्शियलच्या रेषेत येऊ द्यायचा नाही.

परवा त्याच माथ्यापाशी पुन्हा गेलो. गाडी खाली उभी करून चालत वर गेलो, तर डाव्या हाताला झुडपांमागून चांगला रुंद वळसा जात होता. त्या दिवशी स्टिअरिंगवर बसून तो दिसलाच नव्हता.