निष्ठा नव्वदवर

दुपारची वेळ होती, घर झोपलं होतं आणि मी एका देशाची राष्ट्राध्यक्ष होते. देशाचं नाव सॉर्डलँड, साल १९५४, माझं नाव अँटन रेन. 'सुझरेन' नावाच्या या संगणकावरच्या खेळात मी पुरुष आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि घरी वेळ देत नाही म्हणून बायको नाराज आहे. सकाळपासून मी पक्षातल्या जुन्या खोडांना सांगत होते की घटनेच्या वाटेला मी जाणार नाही, आणि सुधारणावाल्यांना सांगत होते की घटना बदलल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. दोन्हीकडे माना डोलल्या. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. मग गाडीत बसले, ड्रायव्हरनं सहज काहीतरी विचारलं, उत्तराचे पर्याय समोर आले आणि हात अडला. एक पर्याय सोयीचा होता, पण खोटा. ड्रायव्हरशी खोटं कसं बोलायचं?

बरं, ड्रायव्हरच्या हातात काय आहे? संसदेत मत नाही, खातं नाही, गट नाही. त्याला थाप मारली तर माझं सरकार पडणार नव्हतं. तरी मी खरं तेच निवडलं, मग थोडा वेळ स्वतःच्या प्रामाणिकपणावर खूश होऊन बसले, आणि पुढच्याच प्रसंगात एका उद्योगपतीला असं काही गोड बोलले की विचारू नका.

'सुझरेन' हा खेळ २०२० मध्ये आला. बर्लिनच्या टॉर्पर गेम्सनं केलेला. चित्रांच्या नावानं एक नकाशा आणि काही चेहरे, बाकी सगळं बोलणं. सुमारे चार लाख शब्द. तलवार-बंदूक चालवायला मिळेल म्हणून कोणी गेलं तर पहिल्या बैठकीतच झोप लागेल. आपल्याला मात्र बैठका आवडतात. अमुक माणूस आज आपल्या शेजारी का बसला, तमुकानं आजच पाठिंबा का जाहीर केला, हे खलबत करायला मिळालं की दुपार कुठे गेली कळत नाही. इथे टार्क्विन सोल नावाच्या जुन्या शासकाची सावली सगळ्यांवर आहे, घटना त्याच्या काळची आहे, आणि ती बदलायची तर दोन तृतीयांश मतं लागतात. म्हणजे नावडत्यांचीही लागतात. आपल्या माणसांच्या जोरावर फक्त भाषणं करता येतात.

कारस्थानाचा मला मूळचा नाद आहे. लहानपणी आमचा एक खेळ असायचा. पलंग म्हणजे राज्य. ताई राणी, कारण ती मोठी. खालची सतरंजी म्हणजे शेजारचं राज्य, तिथे दोघे चुलत भाऊ. मी प्रधान. प्रधानाचं काम एकच, निरोप पोचवणं. पलंग ते सतरंजी अंतर चार पावलांचं, सगळ्यांना सगळं ऐकू यायचं, पण राजे लोक एकमेकांशी थेट बोलत नाहीत असं ताईनं ठरवून टाकलेलं होतं. ती म्हणायची, "उशा परत करा, नाहीतर युद्ध!" मी चार पावलं चालत जायचे, मुजरा करायचे आणि सांगायचे, "राणीसाहेब म्हणतात, उशा ठेवा, पण पांघरूण द्या." मूळ वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं असायचं. तरी नियम असा की प्रधानानं सांगितलं तेच खरं. भाऊ निमूट पांघरूण द्यायचे. ध चा मा करायची एवढी राजरोस मुभा मला पुढे आयुष्यात कधी मिळाली नाही.

पांघरूण आलं की ते राणीकडे जायचं नाही, हे सांगायला नकोच. प्रधानाचीही एक गादी होती, दाराच्या मागे. हळूहळू तिथे दोन उशा, एक पांघरूण आणि ताईची पट्टी असा बऱ्यापैकी खजिना जमला. दोन्ही राज्यं कंगाल झाली आणि दोघांचाही माझ्यावर विश्वास होता! म्हणजे मला तसं वाटायचं. ताई गप्प असायची. ती भांडायची नाही, रडायची नाही, फक्त लक्षात ठेवायची. खेळ मोडून सगळे आपापल्या उद्योगाला लागले, दोन दिवस गेले, की अचानक खिडकीजवळची जागा मागितल्यावर ती शांतपणे म्हणायची, "प्रधानाला दाराजवळची जागा आवडते ना?"

२०१२ च्या 'द वॉकिंग डेड' या खेळात काही बोललं की कोपऱ्यात त्यातल्या लहान मुलीच्या नावानं एक ओळ उमटायची, क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील. पुष्कळ खेळणाऱ्यांना ती ओळ नवलाची वाटली. मला नाही वाटली. मी त्या ओळीबरोबर एका खोलीत वाढले.

ताई कशी लक्षात ठेवायची ते माहीत नाही, यंत्र कसं ठेवतं ते माहीत आहे. आकड्यात. चॉइसस्क्रिप्ट नावाची एक साधी भाषा आहे, पर्यायांवर चालणाऱ्या कितीतरी गोष्टी तिच्यात लिहिल्या गेल्यात. तिच्यात टक्केवारीचा एक हिशेब आहे, फेअरमॅथ. समजा, सेनापतीची आपल्यावरची निष्ठा ९० आहे. आपण त्याच्या मनासारखं काही केलं आणि दहा टक्के वाढ झाली. निष्ठा होते ९१. कारण शंभराला उरलेल्या दहाचेच दहा टक्के मिळतात. उलट आपण त्याला दुखावलं आणि दहा टक्के घट झाली, तर ती होते ८१. आता हिशेब अख्ख्या नव्वदाचा. तळाशी याच्या बरोबर उलटं. ज्याची निष्ठा जेमतेम १० आहे, अशा हाडवैऱ्याला एक गोड शब्द टाका, तो एकदम १९ वर येतो. त्याला आणखी दुखवा, तर फक्त एकानं घसरून ९ होतो. शंभर मात्र कोणाचीच कधी होत नाही. शून्यही होत नाही.

हे ज्यानं ठरवलं त्याला आकडे कुठल्या एका टोकाला जाऊन चिकटू द्यायचे नसणार, एवढंच. पण राजकारण करायला बसलेल्या माणसाच्या हाती हे गणित पडलं की तो काय करणार? सरळ आहे. शत्रूंना खाऊपिऊ घालणार आणि जुन्या मित्रांना गृहीत धरणार. कारण मित्रावर खर्च केलेली अख्खी बैठक एका गुणाची, शत्रूवर केलेली नऊ गुणांची. मी तर हिशेब कळल्यापासून निष्ठावंतांच्या भेटीगाठीच बंद केल्या. भेटलं की घोटाळ्याचा धोका, न भेटलं तर ९० जागच्या जागी. मोठमोठे नेते सत्तेवर आल्यावर पहिल्या दिवसापासून सोबत असलेल्यांना का भेटत नाहीत, याचं कारण कृतघ्नपणा असं आपण समजत आलो. कदाचित नुसती अंकगणिताची तयारी चांगली असेल.

'सुझरेन'मध्ये खेळताना हे आकडे दिसत नाहीत. ते बरंही आणि वाईटही. बरं अशासाठी की माणसांकडे माणसं म्हणून पाहावं लागतं. वाईट अशासाठी की उपराष्ट्राध्यक्ष पेट्र व्हेक्टर्न हसून बोलला तरी मी त्या हसण्याचे टक्के काढत बसते.

नुसत्या निष्ठेच्या मागे लागून भागत नाही, हे 'रेन्स'नं शिकवलं. २०१६ चा खेळ. राजा म्हणून एकेक पत्ता डावीकडे किंवा उजवीकडे सरकवायचा, आणि वर धर्म, प्रजा, सैन्य, खजिना हे चार मापक खालीवर होत राहतात. एखादा रिकामा झाला की आपण मेलो, हे कोणालाही समजतं. पण एखादा काठोकाठ भरला तरी मेलोच. सैन्य फार बलवान झालं की सैन्यच गादी घेतं. मी सुरुवातीला सगळ्यांना खूश ठेवत होते आणि दर थोड्या वर्षांनी कोणाच्या तरी अतिप्रेमानं मरत होते.

कारस्थानाचा अस्सल खेळ म्हणून लोक 'व्हॅरिसेला'चं नाव घेतात. ॲडम कॅडर यांनी १९९९ मध्ये लिहिलेला. राजा मेला आहे, गादीचा वारस लहान आहे, आणि आपण राजवाड्याचे मंत्री प्रिमो व्हॅरिसेला. राजप्रतिनिधीपदावर डोळा ठेवून बसलेल्या सगळ्यांचा काटा काढून ते पद आपल्याला मिळवायचं. तिथे बोलण्याचा सूरसुद्धा निवडायचा असतो: सौजन्याचा, शत्रुत्वाचा किंवा लाचार. एकच प्रश्न तीन सुरांत विचारता येतो आणि तीन वेगळी फळं मिळतात. प्रधान असताना हे मला कोणी शिकवलं असतं तर ताईचा कंपासही दारामागे आला असता.

पण त्या खेळाशी माझं एक भांडण आहे. तो पहिल्या फटक्यात जिंकणं जवळपास अशक्य. मरायचं, पुन्हा सुरू करायचं, कोण किती वाजता कुठल्या खोलीत असतो ते टिपायचं, पुन्हा मरायचं. शेवटी जो जिंकतो तो कारस्थानी नसतो, त्रिकालज्ञ असतो. सगळ्यांचं वेळापत्रक पाठ करून आलेल्या माणसाला धूर्त कशाला म्हणायचं? धूर्तपणा म्हणजे समोरच्याच्या मनातलं ठाऊक नसताना पाऊल टाकणं. साडेतीन शहाण्यांपैकी कोणालाही कालची दुपार पुन्हा खेळायची सोय नव्हती. तेवढ्यासाठी तरी त्यांना शहाणे म्हणायला हवं.

त्याच वर्षी आलेला 'किंग ऑफ ड्रॅगन पास' यावर एक फर्मास उपाय करतो. तिथे आपण एका टोळीचा कारभार पाहतो, सल्ला द्यायला सात जणांचं मंडळ असतं, आणि आज घेतलेल्या निर्णयाचं फळ काही वेळा कित्येक वर्षांनी समोर येतं. कोणाला आसरा दिला, कोणाला हाकललं, ते आपण विसरून गेलेलो असतो. मग मागे जायचं तरी कुठपर्यंत? तिथल्या मंडळात एखादा खोडकर देवाचा भक्त बसवता येतो, त्याचे सल्ले बहुधा अगदीच अचाट असतात. मी त्याला कायम ठेवते. सात जणांत एक तरी असा हवा ज्याचं बोलणं ऐकताना आपण जागे राहतो.

ही माझी खोडच आहे म्हणा. माझ्या प्रत्येक मंत्रिमंडळात एक कुरकुऱ्या असतो. प्रत्येक ठरावाला त्याचा आक्षेप, प्रत्येक खर्चावर त्याचं तोंड वाकडं. त्याचं मी क्वचितच ऐकते, पण त्याचं म्हणणं पूर्ण वाचते, शब्द न शब्द. आणि जो "आपण म्हणाल तसं" म्हणतो त्याच्या ओळी मी भराभर पुढे ढकलते. परवा लक्षात आलं की माझ्या सगळ्यात निष्ठावंत मंत्र्यानं तीन अंकांत काय काय सांगितलं यातलं मला काहीच आठवत नाही. त्यानं एखादा धोक्याचा इशारा दिला असेल तर तोही मी पुढे ढकलला असणार.

या सगळ्या खेळांत आणखी एक गोष्ट खटकते. यंत्र प्रत्येकाची माझ्यावरची निष्ठा मोजतं. सेनापतीची, सरन्यायाधीशाची, बायकोची, प्रजेची. माझी त्यांच्यावरची किती, याचा रकाना कुठेच नाही. मी काय केलं याची नोंद असते, का केलं याची नसते. ड्रायव्हरशी मी खरं बोलले ते मायेनं, भीतीनं, की पुढे उपयोगी पडेल म्हणून, हे यंत्र विचारत नाही. ते सोयीचंच आहे म्हणा. त्यानं विचारलं असतं तर मला उत्तरासाठी पर्याय लागले असते.

एका राजकन्येच्या खेळात, 'लाँग लिव्ह द क्वीन'मध्ये, राज्याभिषेकापर्यंत चाळीस आठवडे जिवंत राहायचं असतं, आणि तिथे विषारी चॉकलेटंसुद्धा जीव घेतात. एका मैत्रिणीनं तो खेळ मला दिला तेव्हा ती म्हणाली, "इथे कोणावर विश्वास ठेवू नकोस." मी म्हटलं, तुझ्यावर? ती हसली आणि विषय बदलला. त्या हसण्याचेही मी टक्के काढले. पंच्याऐंशीच्या आसपास असावेत.

आता पुढचा डाव जुलमी होऊन खेळायचा असं ठरवलंय. कोणाला वचन द्यायचं नाही, दिलं तर पाळायचं नाही, पहिल्याच आठवड्यात दोन-चार माणसं तुरुंगात. दर वेळी ठरवते. मग पहिल्याच प्रसंगात कोणीतरी खुर्चीवरून उठून अदबीनं "या" म्हणतं, खाली पर्यायांत 'त्याची विचारपूस करा' असं दिसतं, आणि मग काय, करते विचारपूस.