वडगावच्या जुन्या भिंतीवर साउंडबार: माझा अनुभव

आमचं घर बेळगावच्या वडगावात, यंत्रमागांच्या गल्लीत. शेजारच्या मागघराची आणि आमच्या पुढच्या खोलीची भिंत एकच. आईने इथे वर्षानुवर्षं कांड्या भरल्या, मागही चालवला. वडगाव, खासबाग, शहापूर या भागात अशा बायका घरोघरी भेटतील, आणि त्यांतल्या अनेकींची तक्रार आईसारखीच असते. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला तरी आई म्हणायची, “आवाज येतोय गं, खरं काय बोलूलेत कळंना.”

तिचं म्हणणं अगदी नेमकं आहे. मागाच्या खडखडाटात राहून कान बिघडतो तेव्हा आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, साधारण ४००० हर्ट्झच्या आसपासचं. स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, च, थ यांसारखी व्यंजनं मात्र वरच्या पट्टीवर अवलंबून असतात, ती निसटतात. त्यात हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या किंवा मागच्या बाजूला तोंड करून बसवलेले. आवाज आधी भिंतीवर आपटतो, मग माणसापर्यंत येतो. नुसता आवाज वाढवून आईला काहीच मिळत नव्हतं, शेजाऱ्यांना मात्र सगळी मालिका ऐकू जायची.

म्हणून ३.१ चा साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली लावायचा लांबट स्पीकर घेतला. यातल्या तीनमध्ये डावा, उजवा आणि मधला असे तीन भाग येतात. एक म्हणजे वेगळा सबवूफर, खालच्या पट्टीतल्या दणक्याचा स्पीकर. सिनेमातले संवाद बहुतेक मधल्या भागातून येतात, त्यामुळे आईसाठी तोच महत्त्वाचा. दुकानात छताकडे आवाज फेकणाऱ्या महागड्या बारचा बराच आग्रह झाला. तो आवाज सपाट छतावरून परतून खाली यावा लागतो. आमच्याकडे वर उतरती कौलं आहेत. तिथे तो पैसा वाया गेला असता.

बार टीव्हीखालच्या शोकेसमध्ये ठेवणं सोपं होतं, पण मला ते पटत नव्हतं. कप्प्यात आत सरकलेल्या बारचा आवाज घुमतो, आणि वरच्या पट्टीतला आवाज सरळ रेषेत जाणारा असल्यामुळे फळीच्या कडेला अडतो. आई कॉटवर बसते तेव्हा तिचे कान जमिनीपासून किती उंचीवर येतात ते टेपने मोजलं. टीव्हीची खालची कड त्याच्या जरा वर होती. म्हणजे बार टीव्हीच्या लगेच खाली भिंतीवर लावला तर समोरून थेट तिच्याकडे बोलणार होता.

आता खरं काम भिंतीचं. बारच्या खोक्यात भोकांच्या खुणांसाठी भिंतीला चिकटवायचा कागद, दोन क्लॅम्प, स्क्रू आणि स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या प्लास्टिकच्या गिट्ट्या असतात. ते सगळं विटांची किंवा काँक्रीटची भिंत धरून दिलेलं असतं. आमची भिंत जांभ्या दगडाची, मातीत रचलेली, वरून सिमेंटचा गिलावा. बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या जुन्या घरांत अशी भिंत नवलाची नाही. जांभा जमिनीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण अंगात भोकं राहतातच. एका ठिकाणी गिट्टी घट्ट बसते, चार बोटं पलीकडे गरगर फिरते. आणि दगडाऐवजी मातीचा सांधा लागला तर गिट्टीला धरायलाच काही नसतं.

इलेक्ट्रिशियन बैलहोंगलकडचा. त्याने आधी बोटांनी ठोकून बघितलं, टीव्हीच्या कोपऱ्याखाली बारीक बिटने एक भोक पाडलं आणि म्हणाला, “अक्का, मण्णिन ग्वाडी ऐती री.” मातीच्या भिंतीत दोन स्क्रूंवर भार टाकायला तो तयार नव्हता, आणि मला त्याचं पटलं. बारचं वजन तीन किलोच्या आतलं, ते काही फार नाही. पण पलीकडे माग चालू झाले की भिंतीवर हात ठेवला तरी थरथर कळते. सैल गिट्टी त्या थरथरीने हळूहळू बाहेर येणार, आणि त्याआधी बारच खुळखुळायला लागणार.

मग गल्लीतल्या गवंडीमामांशी बोलले. त्यांनी सुचवलं ते मला फार आवडलं: बार भिंतीला न लावता आधी लाकडाची पट्टी भिंतीला लावायची आणि बार त्या पट्टीला. बारच्या मागच्या भोकांमधलं अंतर ठरलेलं असतं, तिथे निवड नाही. पट्टीला मात्र दगड जिथे चांगला लागेल तिथे भोक पाडता येतं. सांधा लागला तर ते भोक सोडून बाजूला सरकायचं. बारच्या मागे झाकली जाईल एवढी रुंद, पाऊण इंच जाडीची सागवानी पट्टी सुताराकडून घेतली आणि भिंतीच्या रंगात रंगवली.

काम माग बंद असताना केलं. पुढच्या खोलीचा एमसीबी पाडून वीज बंद केली आणि ड्रिलला स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन घेतलं. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली वायर असू शकते, त्यामुळे तो पट्टा खडूने आखून सोडून दिला. ड्रिलचा हॅमर बंद ठेवला. जांभ्याला हातोडीचे दणके दिले की कडा ढासळतात आणि भोक मोठं होतं. नुसतं फिरवत, दाब कमी ठेवून गेलं की स्वच्छ पडतं. भोकातून येणारी भुकटी बघत राहिलो. आधी राखाडी, तो गिलावा. मग लाल आणि कोरडी, बिट सावकाश पुढे जातंय, म्हणजे दगड. बिट एकदम आत घुसलं की माती. दगड लागला तिथेच ८ मिलिमीटरची लांब गिट्टी आणि तिला साजेसा स्क्रू. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये रबरी वायसर घातले, ते थरथरीसाठी.

पट्टी बसली की पाणसळ ठेवून बघितली, टीव्हीच्या कडेशीही जुळवली. नजर जमिनीशी तुलना करत नाही, टीव्हीशी करते. टीव्ही आणि बार यांच्यात चार बोटांची फट ठेवली, कारण रिमोटचा डोळा आमच्या टीव्हीच्या खालच्या कडेला आहे. पट्टीच्या जाडीमुळे बार भिंतीपासून थोडा पुढे आला आणि मागून केबल न दुमडता गेली. केबल बार टांगायच्या आधीच जोडून घ्यावी, नंतर तिथे हात जात नाही.

जोडणी एचडीएमआयने केली. टीव्हीवर ज्या पोर्टाखाली एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेलं असतं तोच पोर्ट लागतो, दुसऱ्यात घातली तर टीव्हीचा आवाज बारकडे जात नाही. मग सेटिंगमध्ये सीईसी चालू करायचं. कंपन्या त्याला आपापली नावं देतात: सॅमसंगचं एनीनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो. आईसाठी हे मोठं काम. दोन रिमोट तिच्या हातात दिले असते तर तिने पुन्हा टीव्हीचाच आवाज लावला असता.

सबवूफर शोरूममध्ये दणक्यात वाजवून दाखवतात. आमच्याकडे तो बराच खाली आणला, कारण खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतला आवाज झाकून टाकतो, आणि आईला नेमकी वरचीच पट्टी हवी. बारमधला संवाद ठळक करणारा मोड चालू ठेवला. आता आई बातम्या पूर्वीपेक्षा कमी आवाजावर ऐकते, आणि मालिकेत कोण काय म्हणालं ते मला विचारत नाही, मलाच सांगते.

माग सुरूच आहेत, म्हणून मधूनमधून बार काढून पट्टीचे स्क्रू आवळून बघते. तिच्या कानाची तपासणीही करायची आहे. बार समोर असतो तोवरच उपयोगी, आणि देवळात, बाजारात, फोनवर तिला ऐकू यायला हवंच. कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्रीसाठी नाव नोंदवलंय. आई अजून कुरकुरतेय, पण येणार आहे.