वेण्णा लेकचा बर्फ, गुलमर्गचा राजमा आणि कोरेगावचा घेवडा

सातारकरांचा बर्फ म्हणजे महाबळेश्वरच्या वेण्णा लेकचा बर्फ. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या सकाळी पेपरात फोटो येतो: जीपच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटी लागतात त्या जेटीच्या फळ्यांवर पांढरा थर. दुपारपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरून येतो आणि संध्याकाळी कुणीतरी म्हणतंच, "उद्या पहाटे निघायचं का?"

या वेळी म्हणणारे आमचे दाजी होते. दाजी गुलमर्गला जाऊन आलेत. पायात स्की बांधून उभं राहिल्याचे फोटो त्यांनी सगळ्या भावकीला दाखवलेत. ताईचं म्हणणं, घसरले कमी आणि खाल्लं जास्त. ते खरंही असावं, कारण दाजींच्या गुलमर्गच्या गोष्टीत बर्फ दोन मिनिटांत वितळतो आणि राजमा-चावल अर्धा तास चालतो.

पुण्या-मुंबईची मंडळी महाबळेश्वरला वाई-पाचगणीवरून येतात. आम्ही सातारकर मागच्या दारानं, म्हणजे मेढा-केळघरवरून. कण्हेर धरण गेलं की वेण्णेचं खोरं लागतं आणि मग नदी कधी डावीकडं कधी उजवीकडं करत सोबत येते. केळघरचा घाट अंधारात चढायचा म्हणजे गाडीत कुणी फारसं बोलत नाही. काचा बंद असूनही गारवा आत शिरतो. वर पोचलो तेव्हा उजाडायला लागलं होतं.

बर्फ दिसला. म्हणजे गोठलेलं दवच ते, पण गवताच्या पात्यावर बोट फिरवलं की कण नखाखाली येतात आणि लगेच पाणी होतं. बाजारपेठेत साधीच थंडी असते आणि तळ्याकाठी दव गोठतं, याचं कारण जागेत आहे. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीतली ऊब रातोरात निघून जाते, आणि जड झालेली गार हवा उतारानं सरकत तळ्याच्या नि लिंगमळ्याच्या खोलगट भागात येऊन बसते. हे तळं १८४२ मध्ये साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतलं. पर्यटक टपावरचा पांढरा थर खरवडून एकमेकांवर उडवत होते. शेजारच्या वाफ्यात एक शेतकरी स्ट्रॉबेरीवरचं आच्छादन उचलून पानं बघत होता. त्याचा चेहरा काही पर्यटनाचा नव्हता.

तासाभरात ऊन आलं, बर्फ संपला आणि भूक लागली. इथून पुढचं खरं सांगायचंय.

महाबळेश्वरात खायची जागा शोधणं सोपं आणि बरं खाणं मिळणं अवघड. मागे एकदा बाजारात एका ठिकाणी बसलो होतो. मेनूकार्ड तलाठ्याच्या दप्तराएवढं जाड! पंजाबी, चायनीज, गुजराती थाळी, डोसा, पावभाजी, सगळं. पनीरची भाजी आली ती वरून कढत आणि आतून फ्रीजची आठवण ठेवणारी. बिल आलं तेव्हा मात्र थंडी पळाली. वेटरला दोष देत नाही मी. घाट चढून आलेल्या गॅसवर, घाट चढून आलेलं पनीर, सीझनच्या चार पैशांत वर्षाचा खर्च काढायचा, त्यात गिऱ्हाइकाला पुण्यात मिळतं ते सगळं इथंही हवं. पूर्वी पावसाळ्यात इथल्या घरांना गवताच्या झडी बांधून लोक चार महिने दारं लावून बसत. आता पावसाळ्यातही गर्दी येते, तरी हिशेब सीझनचाच आहे. पण मग डोंगरावर असं खावं का, हा प्रश्न राहतोच.

म्हणून या वेळी आदल्या संध्याकाळी फोन करून ठेवला होता. लिंगमळ्याच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाची राहण्या-जेवणाची सोय आहे. चार खोल्या, पुढं स्ट्रॉबेरीचे वाफे, मागं पडवीत चूल. पाटी नाही, कार्ड नाही. फोनवर काकींनी एवढंच विचारलं होतं, "किती माणसं? घेवडा चालंल न्हवं?"

घेवडा म्हणजे शेंगभाजी नव्हे, वाघ्या घेवडा, राजम्याच्याच जातीचं कडधान्य. काकींचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं, तिकडून दरवर्षी पोतं येतं. कोरेगावच्या या घेवड्याला भौगोलिक मानांकनही आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला ते २०१० मध्ये मिळालं, त्याचं कौतुक सगळ्यांना माहीत असतं. घेवड्याचं कुणाला फारसं ठाऊक नसतं. कच्चा दाणा फिकट गुलाबी, त्यावर लाल रेघा, वाघाच्या अंगावर असतात तशा. काकींनी मूठभर दाणे सुपात दाखवले आणि मग पातेल्याचं झाकण काढलं. आतल्या दाण्यावर एकही रेघ नाही. शिजताना सगळा रंग रश्शात उतरतो. दाणा अख्खा दिसतो, पण बोटात धरला की लोणी.

"रात्री भिजत घातला, चारला चुलीवर ठेवला," काकी म्हणाल्या. "साताऱ्यापेक्षा हितं येळ लागतो बगा."

यात शास्त्र आहे. महाबळेश्वर १,३७२ मीटर उंचावर. साधारण तीनशे मीटर चढलं की पाणी एक अंश आधीच उकळतं, म्हणजे इथल्या उघड्या पातेल्यात पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळायला लागतं आणि त्यापुढं तापत नाही. मी हे सांगायला लागलो तर दाजींनी विषय ताब्यात घेतला. गुलमर्गला गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा कोंगदूरीला संपतो, तीन हजार मीटरच्या वर. तिथं पाणी ९० अंशांजवळच उकळणार. कुकर नसेल तर राजमा दिवसभर टणकच! तिथं बर्फात टपरीवजा हॉटेलं आहेत, स्की काढून ठेवून लोक आत येतात, हात शेकतात आणि राजमा-चावल, मॅगी, कहवा घेतात. पुढचा टप्पा अफरवट डोंगराचा, चार हजार मीटरच्या जवळ. तिथं तर गरम काही मिळालं तरी माणूस पैसे विचारत नाही, असं दाजी म्हणाले.

मला वाटतं, दोन्ही डोंगरांवर कडधान्यच जमतं ते यासाठी. वाळलेला दाणा पोत्यातून वर नेता येतो, थंडीत-दमटपणात जपला तर टिकतो, आणि थंडीनं आखडलेल्या पोटाला दुसरं काही इतकं भरत नाही. पनीर आणि मशरूम घाटातून वर आणायचं ते फक्त आपल्या हौसेसाठी. जम्मूकडं भदरवाहचा राजमा नावाजलेला, आपल्याकडं कोरेगावचा घेवडा. महाबळेश्वरात तो हॉटेलात दिसत नाही, ही मात्र आपलीच करणी. विचारतं कोण?

जेवायला पडवीतच बसलो, पाठीला ऊन. नाचणीची भाकरी तव्यावरून थेट ताटात, घेवड्याची आमटी, वाटणात सुकं खोबरं नि लसूण, काळ्या मसाल्याचा तवंग बेताचा. मिरचीचा ठेचा, शेतातलं गाजर आणि लाल मुळा धुऊन तसाच. भात इंद्रायणी, चिकट, आमटी धरून ठेवणारा. कांदा हातानं फोडलेला. भाकरीचा पापुद्रा उचलला की आतून वाफ येत होती आणि नाचणीचा तो थोडा भाजका, मातकट वास. शेवटी स्ट्रॉबेरी आली, हंगामातली पहिली तोडणी. क्रीम नाही, साखर नाही. थोडी आंबट लागली. डिसेंबरात ती तशीच लागायची. चवीला यायला अजून चार आठवडे द्यायला हवेत. ज्यांना गोड स्ट्रॉबेरीच हवी त्यांनी फेब्रुवारीत जावं, पण मग पहाटेच्या दवाची खात्री धरू नये.

असं जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. भिजवलेला घेवडा ऐनवेळी होत नाही, आणि चार माणसांसाठी काकी वेगळं काही करतही नाहीत. पैसे त्यांनी बाजारातल्या थाळीपेक्षा कमी घेतले. जास्त घेतले असते तरी मी दिले असते.

दाजी तिसऱ्या भाकरीवर होते. ताईनं मुद्दाम विचारलं, "मग, गुलमर्गचं चांगलं का हे?"

दाजी घास गिळून म्हणाले, "तिथं वरून तूप सोडतात."

काकींनी काही न बोलता तुपाचं भांडं त्यांच्या ताटाशी सरकवलं.