टपावरचं मीठ

दर्यापुरात माझं कुशनचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या सीटा, ऑटोचे हूड, मोटारसायकलची कव्हरं, लग्नसराई आली की सोफे. टपावर रेक्झिन चढवलेली कार मात्र वर्षा-दोन वर्षांतून एखादीच येते. त्यामुळे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात पांढरी कॉन्टेसा, वर काळा टप, अशी दुकानासमोर उभी राहिली तेव्हा शेजारचा पंक्चरवालाही हातातली ट्यूब टाकून बघायला आला. कंपनीनं २००२ साली बंद केलेली गाडी, आमच्याकडं आता पाहायला तरी कुठं मिळते!

सोबत काकाजी होते, जवळच्याच खेड्यातले कास्तकार. नातवाचं लग्न बारा दिवसांवर आलेलं आणि नवरदेव याच गाडीतून जाणार असा त्यांचा हट्ट.

"पोट्टं रोज धुते, तरी पांढरं काऊन येते भाऊ? जुनं झालं असन तर नवं रेक्झिन टाकून दे. पैशाचं पाहू."

खरं सांगतो, मनात आधी हिशेबच आला. अख्खा टप नव्यानं बसवायचा म्हणजे चार-पाच दिवसांचं चांगलं काम. टपावर पांढरट राख फासल्यासारखं दिसत होतं आणि रेक्झिन म्हातारं झालं की असंच पांढरं पडतं. रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर, आणि पीव्हीसी मुळात नळाच्या पाइपासारखं कडक. त्यात प्लॅस्टिसायझर घालतात म्हणून ते मऊ राहतं. उन्हातान्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीतून ते हळूहळू उडून जातं. जुन्या गाडीच्या काचेवर आतून तेलकट धूर बसल्यासारखा दिसतो ना, त्यात बरंचसं तेच असतं. मग रेक्झिन ताठरतं, वर भुकटी येते, शेवटी तडे.

पण इथं एक गोष्ट जुळेना. उन्हानं मेलेलं रेक्झिन टपाच्या मधोमध आधी खराब होतं, कारण ऊन तिथं सरळ पडतं. या गाडीचं मधलं अंग बरं होतं. पांढरं जास्त होतं ते शिवणीलगत आणि खाली क्रोमच्या पट्टीला लागून. म्हणजे पाणी जिथं साचून वाळतं तिथं. ओलं बोट फिरवलं तर काळं झालं, पण त्यावर भरवसा नाही, दोन्ही प्रकारचं पांढरं ओलं केलं की लपतं. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून पाहिलं. रेक्झिनची भुकटी असती तर फडकं मळलं असतं. ते जवळपास कोरंच. मग मी बोट जिभेला लावलं. पंक्चरवाला म्हणाला, "अबे, कबुतर बसते तिथं!" बसत असेल. बोट खारट लागलं.

"काकाजी, गाडी धुता कोणत्या पाण्यानं?"

"बोरच्या. दुसरं कोनतं हाये?"

तिथंच उलगडा झाला. आमचा हा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. बोरचं पाणी चहाला चालत नाही, डाळ शिजत नाही, आणि तेच पाणी पोरगं रोज तापल्या टपावर ओतून तसंच वाळू देत होतं. जितकं जास्त धुतलं तितकं मीठ वाढलं. पोरगं बिचारं बोलणी खात होतं, वर तितकंच जोरात घासत होतं.

गाडी ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुरुवात केली, कारण नऊनंतर पत्रा इतका तापतो की फेस जागीच वाळतो. पाणी घरच्या नळाचं, शहानूर धरणाचं. आधी नुसतं पाणी सोडून धूळ काढली. काळ्या मातीची धूळ कोरडी पुसली तर पॉलिशपेपरचंच काम करते. मग एक भाग पांढरं व्हिनेगर, चार भाग पाणी, असं करून क्षार सोडवले आणि लगेच धुऊन टाकलं. त्यानंतर बादलीत दोन झाकणं शाम्पू आणि कपड्यांचा मऊ ब्रश. रेक्झिनला दाणा असतो, मळ त्याच्या खाचेत बसतो, म्हणून एकदा आडवा, एकदा उभा, एकदा गोल हात. एका वेळी टपाचा चौथा हिस्सा, तो धुतल्याशिवाय पुढं नाही. शिवणीत मात्र रंगाचा दोन इंची ब्रश, हलक्या हातानं. वॉशिंगवाल्याचा प्रेशरचा फवारा तर दाखवायचासुद्धा नाही, पाणी दोऱ्याच्या भोकातून आत जातं.

आणि तसं ते गेलेलंच होतं. मागच्या काचेच्या कोपऱ्यात रुपयाएवढा फुगा होता. अंगठ्यानं दाबला तर आत करकरलं. क्रोमची पट्टी सैल करून रेक्झिन चार बोटं उचललं, खाली पत्र्यावर गंजाचे पापुद्रे. खारं पाणी म्हटल्यावर गंज घाईतच असतो. भोक पडलं नव्हतं एवढं नशीब. घासलं, प्रायमर मारला, एक दिवस वाळू दिलं, चिकटवायचं सोल्युशन लावून रेक्झिन पुन्हा बसवलं, शिवणीत सीलर भरला.

एक डाग राहिलाच, समोर डाव्या अंगाला. तिथं कोणीतरी पेट्रोलनं पुसलं होतं. पेट्रोल, थिनर रेक्झिनचा मऊपणा ओढून घेतात. धंद्यात नवा असताना मीही एका गिऱ्हाइकाचा टप थिनरनं 'चकाचक' केला होता. सगळा काळा रंग माझ्या फडक्यावर आला. त्या टपाचे पैसे वर्षभर फेडत होतो. म्हणून काकाजींना बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी, टप पूर्ण कोरडा झाल्यावर, सावलीत यूव्ही प्रोटेक्टंट, म्हणजे उन्हापासून जपणारं, पाण्यात बनवलेलं औषध, स्पंजनं पातळ लावलं आणि दहा मिनिटांनी जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसून घेतलं. काकाजींनी विचारलं, "खोबरेल लावलं तर?" म्हटलं, रेक्झिन म्हणजे चामडं नाही, ते तेल पीत नाही. वरच राहतं अन् सरकीची लव चिकटवून घेतं.

"मंग नवं टाकाची गरज नाई?"

"नाही. बोरचं पाणी बंद करा. तेच वापरावं लागलं तर वाळू देऊ नका, लगेच पुसा. अन् पोराले रागावू नका, त्याचा काही दोष नाही."

पोरगं गाडीमागं उभं राहून हसत होतं.

लग्नाच्या दिवशी मलाही निमंत्रण होतं. मांडवाशी पोचतो तर सजावटवाला टपावर गुलाबाचे हार पॅकिंगच्या चिकटपट्टीनं बसवत होता, मे महिन्याच्या दुपारी! मी ओरडायच्या आत तेच पोरगं सुतळीचं बंडल घेऊन धावलं अन् त्याचा हात धरला. "चिकटपट्टी नाई. दारातून सुतळी ओढा, हार तिले बांधा."